बेसबॉलमधील फलंदाजीचे संप्रदाय

खेळाडूच्या हातांत बॅट असते. परंतु ती कोणत्या चेंडूवर उचलावयाची, किती जोरानें फिरवावयाची आणि कोणत्या चेंडूचा मोह आवरून खांद्यावरच ठेवावयाची, हें पुष्कळदां त्याच्या मागें उभ्या असलेल्या दुसऱ्याच माणसानें ठरविलेलें असतें. आपल्या तालमींत पठ्ठ्याचा पेंच पाहून जाणता प्रेक्षक जसें त्याच्या वस्तादाचें नांव सांगतो, तसेंच अमेरिकेंतील बेसबॉलच्या मैदानावर एखाद्या संघाची फलंदाजी घटकाभर पाहिली म्हणजे त्या संघाचा शिक्षक कोणत्या पंथाचा आहे हें तेथील रसिक ओळखतात. हे पंथ कसे निर्माण झाले, एकानें दुसऱ्यास कसें मागें सारलें, आणि दीडशें वर्षांच्या या वादांतून शिकविण्याच्या कलेविषयीं काय निष्पन्न होतें, याचा थोडक्यांत विचार करण्याचा या लेखाचा हेतु आहे.

ज्या वाचकांचा परिचय क्रिकेटपुरताच आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बेसबॉलमध्यें चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात; त्यांस बेस म्हणतात. फलंदाज शेवटच्या ठाण्यावर, म्हणजे 'घरीं', उभा राहतो. आपल्याकडील गोलंदाजाच्या जागीं तेथें पिचर असतो. त्यानें फेकलेला चेंडू टोलवून फलंदाजानें एकेक ठाणें गांठीत पुन्हां घरीं यावें म्हणजे एक धांव होते. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर ही प्रदक्षिणा निर्वेध पुरी होते, हाच होम-रन. योग्य कक्षेंतून आलेला चेंडू सोडला, किंवा बॅट फिरवूनही तो हुकला, तर ती एक चूक. अशा तीन चुका झाल्या कीं फलंदाज बाद. उलट, पिचरचे चार चेंडू कक्षेबाहेर गेले आणि फलंदाजानें ते सोडून दिले, तर त्यास पहिलें ठाणें फुकट मिळतें. एका डावांत तीन गडी बाद व्हावयाचे आणि असे डाव नऊ. म्हणजे प्रत्येक संघाजवळ सत्तावीस गड्यांची पुंजी असते. ही पुंजी कोठें खर्चावी आणि कोठें राखावी, हाच पुढील सर्व मतभेदांच्या मुळाशीं असलेला प्रश्न होय.

या खेळाचे दोन आद्य आचार्य क्रिकेटच्या मायदेशीं जन्मले होते. हॅरी राइट हा शेफील्डचा, एका व्यवसायी क्रिकेटपटूचा मुलगा. १८६९ सालीं त्यानें सिनसिनाटी येथें उघडपणें वेतन घेणाऱ्या खेळाडूंचा पहिला संघ चालविला आणि नियमित सरावाची शिस्त या खेळांत आणिली. हेन्री चॅडविक हा एक्झीटरचा. त्याचा व्यवसाय वृत्तपत्रकाराचा. सामन्याचा आंकडेवार वृत्तांत कोष्टकरूपानें देण्याची रीत रूढ करण्याचें श्रेय मुख्यतः त्याजकडे जातें. लांब टोल्यांचें त्याला फारसें कौतुक नसे. चेंडू दूर भिरकावणें हें अंगबळाचें काम आणि तो हेरून मोकळ्या जागीं काढणें हें बुद्धीचें काम, अशी त्याची धारणा होती. चार वाईट चेंडू सोडून मिळविलेलें ठाणें हा तर त्याच्या मतें पिचरचा दोष; त्यांत फलंदाजाचा गुण तो कोणता? १८८७ या एकाच वर्षीं असें ठाणें टोला म्हणून मोजण्याचा प्रयोग झाला, आणि पुढच्या वर्षीं तो सोडूनही देण्यांत आला. वरवर पाहतां ही हिशेबाची किरकोळ बाब दिसते. परंतु जें वहींत लिहिलें जात नाहीं तें शिकविण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. संयम हा गुण फलंदाजाच्या खातीं जमा होण्यास पुढें जवळजवळ एक शतक लागलें, त्याचें बीज येथें आहे.

पहिला खरा संप्रदाय बाल्टिमोर शहरांत उदयास आला. संघाच्या सूत्रधारास बेसबॉलमध्यें मॅनेजर म्हणतात, आणि पूर्वीं शिक्षकाचें कामही तोच करी. नेड हॅन्लन या मॅनेजरच्या हाताखालीं 'ओरिओल्स' या संघानें १८९४, १८९५ व १८९६ अशीं लागोपाठ तीन वर्षें नॅशनल लीगमध्यें पहिला क्रमांक मिळविला. त्या काळीं एकच चेंडू पुष्कळ वेळ चालवीत. तो मार खाऊन मऊ होई, मळून काळा पडे, आणि कितीही जोर केला तरी फार लांब जात नसे. म्हणून हॅन्लननें आपल्या गड्यांस लांबीचा नाद सोडावयास लावला. बॅट न फिरवितां नुसती आडवी धरून चेंडू पायांजवळच मारून टाकावयाचा, यास बंट म्हणतात. फलंदाज स्वतः बहुधा बाद होतो, परंतु ठाण्यावरचा सोबती एक ठाणें पुढें सरकतो. दुसरी युक्ति अशी कीं, घरासमोरच्या कठीण जमिनीवर चेंडू जोरानें आपटावा. तो उंच उसळून खालीं येईपर्यंत फलंदाजानें पहिलें ठाणें गांठावें. तिसरी युक्ति म्हणजे ठाण्यावरच्या गड्यानें आधींच धांवत सुटावें, त्याला अडविण्यासाठीं प्रतिपक्षाचा रक्षक जागा सोडतांच फलंदाजानें त्याच रिकाम्या वाटेनें चेंडू काढावा. या संघांतील विली कीलर हा साडेपांच फुटांहूनही ठेंगणा गृहस्थ. १८९७ सालीं त्याची सरासरी दर हजार संधींस ४२४ टोले अशी होती. या पंथाचें सूत्र एका वाक्यांत सांगावयाचें तर, गडी द्यावा आणि ठाणें घ्यावें.

हॅन्लनच्या शिष्यांपैकीं जॉन मॅग्रॉ यानें हें सूत्र न्यूयॉर्कला नेलें. १९०२ पासून १९३२ पर्यंत तो 'जायंट्स' संघाचा मॅनेजर होता, आणि दहा वेळां त्यानें आपला संघ लीगमध्यें पहिला आणिला. केव्हां बंट करावयाचें, केव्हां धांवावयाचें, हें सर्व तो बाकावरून खुणेनें सांगे. फलंदाजानें ती खूण पाळावयाची. ही शिस्त अंधळी नव्हती. जेथें धांवा दुर्मिळ, तेथें एकेका धांवेसाठीं एकेक गडी खर्ची घालणें परवडतें. १९११ सालीं फ्रँक बेकर यानें वर्षभरांत ११ होम-रन काढले, तेवढ्यावर तो आपल्या लीगमध्यें अग्रेसर ठरला आणि 'होम-रन बेकर' या नांवानें अजरामर झाला! अशा युगांत लांब टोल्याची आशा धरणारा शिक्षक वेड्यांत निघाला असता.

आणि तरीही युग पालटलें. तें एखाद्या शिक्षकाच्या प्रयत्नानें नव्हे, तर ज्याला फलंदाजी शिकविण्याचें कोणाला सुचलेंच नाहीं अशा एका खेळाडूमुळें. बेब रूथ याचा जन्मही बाल्टिमोरचाच. वांड मुलांसाठीं असलेल्या तेथील एका औद्योगिक शाळेंत तो वाढला, आणि १९१४ सालीं पिचर म्हणून बोस्टनच्या संघांत आला. पिचरकडून धांवांची अपेक्षा कोणी करीत नाहीं. त्यामुळें त्याची ती बुंध्यापासून उखडून टाकल्यासारखी बॅट फिरविण्याची रीत सुधारण्याच्या भरीस कोणी पडलें नाहीं. तोच जर आरंभापासून फलंदाज म्हणून एखाद्या मॅग्रॉपंथी शिक्षकाच्या हातीं सांपडता, तर त्याचीही बॅट आंखूड धरविली गेली असती असें मानण्यास पुष्कळ जागा आहे. १९१९ सालीं त्यानें २९ होम-रन काढले. पुढील वर्षीं न्यूयॉर्कच्या 'यांकीज' संघाकडून खेळतांना त्यानें ५४ काढले; त्याच्या लीगमधील दुसऱ्या कोणत्याही अख्ख्या संघाला तेवढे काढतां आले नाहींत. परिस्थितीनेंही त्याला साथ दिली. १९२० च्या आरंभींच चेंडूला थुंकी लावण्यासारख्या क्लृप्त्यांवर बंदी आली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें डोक्याला चेंडू लागून रे चॅपमन हा खेळाडू दगावला आणि मळका चेंडू तत्काळ बदलण्याकडे लक्ष पुरविलें जाऊं लागलें. स्वच्छ, टणक चेंडू दिसूं लागला आणि दूर जाऊं लागला. हॅन्लनच्या सूत्राखालची जमीनच सरकली होती.

मॅग्रॉनें सहजासहजीं हार मानली नाहीं. १९२१ व १९२२ या दोन्ही वर्षीं अखेरच्या 'वर्ल्ड सिरीज' मालिकेंत त्याच्या जायंट्सनीं यांकीजचा पराभव केला. दुसऱ्या मालिकेंत तर रूथला सतरा संधींत अवघे दोन टोले मिळाले. जुन्या पंथाचा विजय झाला असें पुष्कळांस वाटलें असेल. १९२३ सालीं तेच दोन संघ पुन्हां समोरासमोर आले. रूथनें तीन होम-रन काढले आणि मालिका यांकीजनीं जिंकली.

मात्र मॅग्रॉला हट्टी म्हणून निकालांत काढण्यापूर्वीं त्याचें आणखी एक कृत्य पाहिलें पाहिजे. १९२५ सालीं मेल ऑट नांवाचा सोळा वर्षांचा मुलगा त्याजकडे परीक्षेसाठीं आला. चेंडू येत असतां पुढचा पाय गुडघ्यापर्यंत उचलून मग बॅट फिरविण्याची त्याची विचित्र लकब होती. कोणत्याही क्रमिक पुस्तकांत ती बसली नसती. नवशिक्यांस दुय्यम संघांत धाडण्याची रूढि असतांना मॅग्रॉनें या मुलाला आपल्याच बाकावर जवळ बसविलें. कारण खालचा एखादा मॅनेजर त्याचा पाय जमिनीवर आणावयास लावील ही त्याला धास्ती होती. ऑटनें आपल्या आयुष्यांत ५११ होम-रन काढले. गडी देऊन ठाणें घ्या असें जन्मभर शिकविणाऱ्या माणसानें आपल्या सूत्राविरुद्ध जाणाऱ्या गुणाची अशी राखण केली, यांत त्याच्या शिक्षकपणाचा खरा कस दिसतो.

याची उलट बाजू जपानांत दिसते. साडाहारू ओ हा टोकियोच्या 'जायंट्स' संघांतील तरुण पहिलीं तीन वर्षें चांचपडत होता. १९६२ सालीं हिरोशी आराकावा हा फलंदाजीचा शिक्षक म्हणून आला. त्यानें ओ याला एका पायावर उभें राहून चेंडूची वाट पाहावयास शिकविलें, आणि तोल व मनाची स्थिरता साधण्यासाठीं तरवारीचा अभ्यास करविला. त्या वर्षीं ओ यानें ३८ होम-रन काढले. निवृत्त होईपर्यंत त्यांची संख्या ८६८ झाली. एका शिक्षकानें शिष्याचा उचललेला पाय तसाच राहूं दिला, दुसऱ्यानें शिष्याचा जमिनीवरचा पाय उचलविला. कृति परस्परविरुद्ध, परंतु दोघांनींही आधीं समोरचा मुलगा पाहिला आणि मग सूत्र आठवलें.

फलंदाजीचें शास्त्र करण्याचा सर्वांत नेटाचा प्रयत्न टेड विल्यम्स यानें केला. १९४१ सालीं त्याची सरासरी हजारीं ४०६ होती. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्यें पुऱ्या हंगामांत चारशेंचा आंकडा कोणालाही गांठतां आलेला नाहीं. १९७० सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें फलंदाजासमोरच्या कक्षेचे ७७ भाग पाडून, कोणत्या भागांतील चेंडूवर आपली सरासरी किती पडेल हें चित्रानें दाखविलें. पिचर उंचवट्यावरून चेंडू फेकतो, म्हणून चेंडू खालीं उतरत येतो. तेव्हां बॅट किंचित् वर जाणाऱ्या रेषेंत फिरली तर चेंडूच्या मार्गाशीं अधिक काळ समरेष राहते, हें त्याचें प्रतिपादन. आणि पहिला नियम असा कीं, मारण्याजोगा चेंडू येईपर्यंत थांबावें. १९६९ सालीं तो वॉशिंग्टनच्या 'सेनेटर्स' संघाचा मॅनेजर झाला. आदल्या वर्षीं हजारीं २२४ असलेली संघाची सरासरी २५१ झाली. फ्रँक हॉवर्ड हा धिप्पाड फलंदाज वाटेल त्या चेंडूवर झेप घेई; त्यानें आदल्या वर्षीं ५४ वेळां फुकट ठाणें मिळविलें होतें, त्या वर्षीं १०२ वेळां मिळविलें, आणि त्याचे होम-रनही ४४ वरून ४८ वर गेले. या यशांतील कांहीं भाग नियमांचा आहे हें कबूल केलें पाहिजे. कारण त्याच वर्षीं पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली होती आणि सर्वत्रच फलंदाजी सुधारली होती. पुढें हाच संघ टेक्सासला गेला. १९७२ सालीं तेथें त्याच विल्यम्सच्या हाताखालीं संघाची सरासरी २१७ वर उतरली आणि शंभर सामने हरले. शास्त्र तेंच होतें, शिष्य निराळे होते.

विल्यम्सला प्रतिपक्षी मिळाला तो चार्ली लाउ. स्वतः खेळाडू म्हणून तो सामान्य. परंतु कॅन्सस सिटीच्या संघाचा फलंदाजीचा शिक्षक या नात्यानें त्यानें नवा पंथ काढला. शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्यावा, मागेंपुढें डोलत लय साधावी, आणि होम-रनची हांव न धरतां चेंडू मैदानाच्या सर्व दिशांना सरळ रेषेंत पाठवावा, ही त्याची शिकवण. विल्यम्स कमरेच्या फिरकीवर भर देई, लाउ भाराच्या सरकण्यावर. कॅन्सस सिटीच्या विस्तीर्ण मैदानावर त्या वेळीं कृत्रिम गवत अंथरलेलें होतें. त्यावरून चेंडू सपाट्यानें सुटे, म्हणून तेथें ही शिकवण विशेष फळली. लाउचा पट्टशिष्य जॉर्ज ब्रेट यानें १९८० सालीं हजारीं ३९० ची सरासरी गांठली.

पुंजीचा मूळ प्रश्न मात्र याच काळांत दोन मॅनेजरांनीं पुन्हां ऐरणीवर आणिला. अर्ल वीव्हर हा बाल्टिमोरचाच. संघाचें नांवही 'ओरिओल्स', मात्र तो संघ १९५४ सालीं सेंट लुईहून आलेला, निराळा. ज्या शहरांत बंटचें माहात्म्य वाढलें त्याच शहरांत वीव्हरनें त्याची निर्भर्त्सना केली. सत्तावीस गडी हेंच काय तें आपलें धन. तें एका ठाण्याच्या मोबदल्यांत उधळूं नये, दोन गडी ठाण्यांवर जमवावे आणि तिसऱ्याच्या लांब टोल्यासाठीं धीर धरावा, असें तो म्हणे. उलटपक्षीं सेंट लुईच्या 'कार्डिनल्स' संघांत व्हायटी हर्झॉग यानें चपळ पायांचे गडी निवडले, आणि कृत्रिम गवताच्या मोठ्या मैदानावर त्यांस चेंडू जमिनीलगत मारून धांवावयास लावलें. १९८२ सालीं त्याच्या संघानें वर्षभरांत अवघे ६७ होम-रन काढले आणि २०० ठाणीं चोरलीं. अखेरच्या मालिकेंत त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या मिलवॉकीच्या संघाचे होम-रन २१६ होते. सातव्या सामन्यांत निकाल लागला, आणि जिंकला तो ६७ वाला संघ. वीव्हर चुकला कीं हर्झॉग? दोघेही चुकले नाहींत. दोघांनींही आपलें मैदान व आपले गडी पाहून हिशेब मांडला होता.

यानंतरचे आचार्य मैदानावर दिसत नाहींत. ते हिशेबाच्या खोलींत बसतात. सरासरीपेक्षां फलंदाज कितीदां ठाण्यावर पोंचतो हें मोजावें, असें ब्रँच रिकी यानें १९५४ सालींच प्रसिद्धपणें लिहिलें होतें. परंतु तें माप अधिकृत होण्यास १९८४ साल उजाडलें. चॅडविकच्या वहींतील उणीव अशी भरून निघाली. ओकलंडच्या गरीब संघानें याच मापानें स्वस्तांत गडी निवडून २००२ सालीं १०३ सामने जिंकले, त्यांतील वीस लागोपाठ. २०१५ पासून प्रत्येक मैदानावर यंत्रें बसलीं आणि टोल्याचा वेग व त्याचा जमिनीशीं होणारा कोन मोजला जाऊं लागला. विल्यम्सनें अंदाजानें सांगितलेली वर जाणारी रेषा आतां अंशांत सांगतां येऊं लागली, आणि शिक्षकांनीं सर्वत्र एकच पाठ सुरू केला: चेंडू हवेंत उडवा, हुकला तर हुकूं द्या. २०१९ सालीं होम-रनांची एकूण संख्या ६,७७६ झाली. इतके पूर्वीं कधींही झाले नव्हते. परंतु त्याआधींच, २०१८ सालीं, तीन चुकांनीं बाद होणाऱ्यांची संख्या यशस्वी टोल्यांच्या संख्येहून प्रथमच अधिक भरली होती. २०१५ सालीं कॅन्सस सिटीनें सर्वांत कमी वेळां चुकून अखेरची मालिका जिंकली होती, तो धडा फारसा कोणी गिरविला नाहीं. अखेर २०२३ सालीं, फलंदाज पाहून रक्षकांनीं एका बाजूस गर्दी करूं नये असा नियम करावा लागला, तेव्हां सरासरी हजारीं २४३ वरून २४८ वर आली.

या सर्व इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कोणताही संप्रदाय जन्मतः खोटा नव्हता. मऊ चेंडूच्या काळांत हॅन्लन बरोबर होता, स्वच्छ चेंडूच्या काळांत रूथ, आणि गुळगुळीत गवतावर हर्झॉग. प्रत्येक मत कांहीं विशिष्ट चेंडू, मैदान, नियम आणि माणसें यांचें उत्तर होतें. घोटाळा होतो तो प्रश्न बदलल्यावरही तेंच उत्तर पाठ म्हणून घेण्यांत येतें तेव्हां. हॅन्लनचे अनुयायी चेंडू बदलल्यावरही बंट शिकवीत राहिले. यंत्रयुगांतील शिक्षकांनीं कोनाचा मंत्र बळकट मनगटाच्या गड्याला आणि कीलरसारख्या ठेंगण्या चपळ गड्याला सारखाच दिला. पूर्वींच्या काळीं एका गांवचें मत दुसऱ्या गांवीं पोंचण्यास वर्षें लागत आणि तोंवर निराळ्या रीतींना आसरा मिळे; आतां एकच माप एकाच दिवशीं सर्वत्र पोंचतें, म्हणून आजची चूकही सार्वत्रिक होते.

या एकसुरीपणाची किंमत कोणत्याही कोष्टकांत सांपडणार नाहीं. ऑटचा पाय वांचला म्हणून त्याचे ५११ होम-रन मोजतां आले. ज्यांचे पाय सूत्राला धरून जमिनीवर आणले गेले आणि जे त्या सक्तीनें निकामी होऊन घरीं परतले, त्यांचीं नांवें वहींत नाहींत. आणि ते किती होते हें कळण्याचा मार्गही नाहीं. आपल्या वर्गांत, तालमींत किंवा घरांत कोणाला कांहीं शिकवूं पाहणाऱ्या प्रत्येकानें हा न लिहिलेला रकाना ध्यानांत ठेवावा. सूत्र शिक्षकाजवळ असलेंच पाहिजे; त्यावांचून शिस्त नाहीं. परंतु तें शिष्याच्या अंगावर घालण्यापूर्वीं एकदां त्याचें माप घेण्याइतका धीर ज्याला आहे, त्यालाच वस्ताद म्हणावें.